तीन ओले दगड

वादात हरायचं मला कधी जमलं नाही. लहानपणी आई म्हणायची, "हे पोट्टी यमालेही दारात उभा ठेवन, म्हणन, आधी सिद्ध कर." आता ब्रह्मपुरीला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. 'ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे' हा धडा दरवर्षी येतो आणि दरवर्षी ते पुरावे मी पोरांसमोर एकेक करून मोडते. आमचं घर बौद्ध. हे काम मला घरूनच मिळालं म्हणा ना.

शेजारच्या गोंड म्हातारीशीही माझा हाच वाद. ती आणि आई जुन्या मैत्रिणी, मोहफुलांच्या दिवसांत पहाटे टोपल्या घेऊन सोबत जंगलात जायच्या. नाल्यापलीकडे, जंगल सुरू होतं तिथे दगडांचा एक ढीग आहे. तो तिचा देव. आत जाणाऱ्या दर माणसामागे नाल्यातला एक दगड तिथे ठेवायचा, अशी तिची रीत. आई ठेवायची नाही, मग आईच्या नावाचाही तीच ठेवायची. आई हसायची, "ठेव बाई, देवही तुयाच, दगडही तुयाच."

"देव आहे हे कशावरून?" मी विचारायची.

"पाऊल दिसलं त पाय असनच ना, पोरी?"

"पाय आपण पाह्यला असते म्हणून पाऊल ओळखतो. तुया देव कोणी पाह्यला?"

यावर ती नुसती तंबाखू मळत बसायची. मला वाटायचं, जिंकले.

गेल्या वर्षी ऐन मोहाच्या दिवसांत ती एकटीच पुढे गेली होती, ती रिकामी टोपली घेऊन परतली. नाल्याच्या चिखलात वाघाचं पाऊल होतं. "उद्या कोणी जाऊ नोका," ती म्हणाली. आईनं लगेच टोपली पालथी घातली. मी तेव्हा गप्प बसले असते तर! पण माझी जीभ वळवळली. पाऊल कालचंच कशावरून? वाघ पुढं निघून गेला नसेल कशावरून? "चाल आई, मी येतो तुयासंगं."

"तुयं बोलणं शाळेत ठीक आहे," म्हातारी म्हणाली. "मी नाई येत."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघी मोहाखाली पोचलो आणि आई हरखलीच. बोट टेकवायला जागा नाही इतका फुलांचा सडा. "पाह्य वं, किती पडले!" ती वाकून वेचू लागली. मीही वाकले. चार मुठी भरल्या असतील, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रोज रात्री हरणं, अस्वलं, डुकरं येऊन यातली निम्मी फुलं खाऊन जातात. आज एका फुलालाही कोणी तोंड लावलं नव्हतं. रात्रभर इथे कोणी फिरकलंच नव्हतं.

"आई, उठ. वाकू नोको."

"काऊन?"

"उठ म्हणतो ना!"

टोपल्या तिथेच टाकल्या. पायवाट झुडपांतून जाते, म्हणून मी आईला नाल्याच्या उघड्या रेतीतून लांबच्या वळणानं आणलं. तिचा हात मी एकदाही सोडला नाही. ढिगापाशी आलो तेव्हा जिवात जीव आला.

ढिगावर तीन दगड होते, अजून ओले.

आम्ही काही ठेवलं नव्हतं. एक तिचा, एक आईचा, एक माझा. आम्हाला परत बोलवायला ती पायवाटेनं आत गेली होती, आणि आम्ही दुसऱ्याच वाटेनं बाहेर आलो होतो. आईनं तिला हाक मारली. उत्तर आलं नाही. मग आत, मोहाच्या बाजूला, वानरं खेकसायला लागली.

गावातले लोक काठ्या, डबे घेऊन धावले. ती आमच्या टोपल्यांजवळच सापडली.

वर्गात मी ते पुरावे अजूनही मोडते आणि ते मोडतात. पण तिला माझ्या जिभेनं मारलं, हे मात्र मला खोडता येत नाही. रात्रंदिवस प्रयत्न करून पाहिला.

यंदा आईनं नाल्यातून एक दगड उचलला आणि ढिगावर ठेवला. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "देवाले नाई ठेवत. तिच्या नावाचा हाय. माया तीच ठेवे ना."