रेशमाची बोटं

कोकमतेल निखाऱ्यावर वितळायला लागलं की कसब्यातला माझा लग्नानंतरचा पहिला हिवाळा आठवतो. सासरी रेशमाचा माग होता. डोळे अधू झाल्यामुळे सासूबाईंनी तो माझ्या हाती दिला होता. संक्रांतीला गिऱ्हाइकाला शालू द्यायचा होता आणि थंडीने माझी बोटं फुटली. भेगेत अडकून धागा सारखा तुटायचा. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी माझी बोटं स्वतःच्या गालावर फिरवून पाहिली, भेगांत कोमट तेल भरलं आणि माझ्यापुढची भांडी अन् राख ओढून घेतली. “अहो सासूबाई, मी घासते ना!” “भांड्यांना भेगा कळत नाहीत, रेशमाला कळतात. मागावर बस.” शालू वेळेवर गेला, त्यांची बोटं मात्र होळीपर्यंत रक्ताळत होती. आजचं तेल माझ्या बोटांसाठी आहे. मागावर आता सून बसते, भांडी मी घासते.