गोदूकाकीचा मागचा गाळा

शहराचा मध्य कुठे, असं मला कुणी विचारलं तर मी नकाशा उघडत नाही. परगावची माणसं जिथे कामाला येतात आणि काम होईपर्यंत ताटकळतात, तो मध्य. अलिबागेत आमच्यापुरता तो बाजारामागच्या गल्लीत होता. एक बँक, दोन पतपेढ्या, रक्त तपासायची लॅब, माझ्यासारख्या चार वकिलांच्या खोल्या आणि या सगळ्यांच्या मधोमध गोदूकाकीची खाणावळ. गल्ली आपल्यामुळे चालते, असा आम्हा वकिलांचा समज होता. माज म्हणतात तो हाच.

गोदूकाकी किहीमजवळच्या एका वाडीतली, आगरी. साठी उलटलेली, अंगाने काटक, तोंडाने फटकळ. तिची भाकरी पातळ आणि बोलणं जाड. बँकेचे एक साहेब एकदा आमटीला नावं ठेवायला गेले, तर "उद्यापासना घरना डबा आना," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी साहेब मुकाट्याने येऊन जेवले.

तिच्याकडे आम्ही रोजचे होतो, आणि एका दिवसाचे पाहुणे होते. तळ्याहून, म्हसळ्याहून पहिल्या एसटीने निघालेले, हातात कागदांची पिशवी धरून बसलेले. त्यातल्या बायकांवर काकीची नजर असायची. एखादीने ताट मागवलं आणि पाण्याचा पेला तसाच ठेवला, की ही चुलीपासून उठायची आणि वाकून हळूच सांगायची, "पानी पी गो. मागं सोय हाय."

हे पुरुषांना समजावून सांगावं लागतं. शहरात कामाला निघालेली बाई सकाळपासून पाणी पीत नाही. काम कधी उरकेल ते ठाऊक नाही, आणि परक्या गावात जायचं कुठे? काकीच्या परसात तिचं स्वतःचं संडास-बाथरूम होतं, ते तिने गल्लीत येणाऱ्या प्रत्येक बाईला मोकळं ठेवलं होतं. रोज पहाटे स्वतः घासायची, मग आंघोळ, मग चूल. वकिली सुरू केली तेव्हा माझ्या खोलीला पाण्याचा नळसुद्धा नव्हता. पहिली कित्येक वर्षं मी काकीच्या परसातच जात होते. मोठमोठ्या लोकांच्या भाषणांनी माझ्या डोळ्यांत कधी पाणी आलं नाही, पण या बाईपुढे मी मनातल्या मनात अनेकदा हात जोडले आहेत.

मग गणराज नावाच्या एका बिल्डरने गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला 'शुभांकर बिझनेस सेंटर' बांधलं. आधी बँक तिकडे गेली. तिच्यामागोमाग पतपेढ्या गेल्या, लॅब गेली आणि आम्ही वकीलही गेलो. गल्ली ओस पडली. घरमालकाने जुनी इमारत पाडायला काढली, म्हणजे काकीची खाणावळही जाणार होती आणि परसही.

तिचा एकुलता एक मुलगा प्रणय टेम्पो चालवतो. त्याने वर्षभर गणराजचे उंबरे झिजवून नव्या इमारतीत एक गाळा राखून ठेवला होता. रस्त्याकडे तोंड, शेजारी बँकेचा जिना. सगळ्यांचा डोळा होता त्याच्यावर. करार मीच लिहिणार होते, म्हणून बघायला मीही गेले.

काकीने गाळ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "बायांची सोय कुठं केली?" तिने गणराजला विचारलं.

तो आम्हाला मागे घेऊन गेला. चकचकीत फरशी, नवे नळ आणि दाराला कुलूप. चाव्या फक्त गाळेवाल्यांना.

"आनि कामाला येनाऱ्या बायांनी काय करायचा?"

"काकी, सगळ्यांना उघडं ठेवलं तर दोन दिवसांत वाट लागेल," गणराज म्हणाला. "धुणार कोण? लक्ष कोण ठेवणार?" माणूस वाईट नव्हता, आणि प्रश्नही खोटा नव्हता.

"मी धुवीन. चावी मना दे."

"तुम्ही पुढे बसणार. इथे मागे कोण येतंय-जातंय ते तुम्हाला कसं दिसेल?"

काकीने इकडेतिकडे बघितलं. संडासाला लागूनच एक गाळा होता. अंधारा, समोर कंपाउंडची भिंत. तो कुणीच घेतला नव्हता. "मंग ह्यो दे," ती म्हणाली. "पुढचा तुझा तुला."

गणराजला हसू लपवता येईना. प्रणयचा चेहरा मात्र पडला.

दुसऱ्या दिवशी तिघंही करारासाठी माझ्या ऑफिसात आले. प्रणय रात्रभर झोपला नसावा. "वकीलबाई, तुमी तरी समजवा आयेला. संडासाच्या बाजूला कोन जेवाया येनार?" मला त्याचा राग आला, आणि त्याचं म्हणणं बरोबर असल्यामुळे जास्तच आला. तो आईकडे वळला. "आये, पुढचा गाला पुन्यांदा मिलनार न्हाय."

"न्हाय मिलनार," काकी म्हणाली. मग तिने तिच्या आईचं नाव काढलं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकत होते.

"माझी आय, ठमी. हितं बाजारात पांढऱ्या कांद्याच्या माला घेऊन बसायची. सकाली निंगताना एक घोट पानी, मंग रातच्याला घरी. बाप्ये कुठंबी उभं रातात, बायांनी कुठं जावा? अशीच जल्मभर बसली. मंग खडे झाले, मंग किडनी गेली. डॉक्टर बोल्ला, पानी का न्हाय प्यायची तू?" काकी प्रणयकडे वळली. "शेवटाला तीच पानी मागायची, आनि डॉक्टर बोलायचा, द्याचा न्हाय. तू ल्हान व्हतास, प्रणय. तिनं तुझ्याकडं मागलं, तू पेला भरून आनलास. मी तुझ्या हातातना काढून घेतला."

गणराज बंद मोबाईलकडे बघत बसला. मी उगाच कागद सारखे केले.

प्रणयने करार पुढे ओढला. 'स्वच्छतागृहाची चावी गोदूबाईंकडे राहील', या ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "ह्ये खोडा."

काकीने मान खाली घातली. मी त्याला चांगलं सुनवायला तोंड उघडलं.

"चावी कशाला पायजे?" प्रणय म्हणाला. "कुलूपच काढा तिथना. आय भाकऱ्या करील. धुवाया मी येईन."

गणराजने होकारार्थी मान हलवली, आणि मी ती ओळ खोडून दुसरी लिहिली.