रडक्या मुलांचं खोकं

माझी ताई आणि भावोजी मिळून फोटो स्टुडिओ चालवायचे. भावोजी कॅमेऱ्यामागे, ताई गिऱ्हाइकापाशी. ते नुसते खाकरले तरी हिला कळायचं, दिवा जरा खाली हवाय. हनुवटी वर, खांदे सरळ, हसा थोडं, झालं! काय जमायचं हो दोघांचं! मी तासन् तास बघत बसायचे. आणि घरी आले की एकाचं तोंड इकडे, एकीचं तिकडे. शेवटी लेक लग्न होऊन गेली आणि दोघांनी घटस्फोटाचा अर्ज केला. ताई माझ्याकडे राहायला आली.

वकील करायला ती तयार होईना. "आजवर माझं मीच बोलले त्यांच्याशी. आता दुसऱ्याच्या तोंडून कशाला?" भावोजी मात्र चारचौघांत सांगत सुटले होते, स्टुडिओ माझा एकट्याचा. तो निम्मा ताईचा आहे हे दाखवणारा एकच कागद होता, भागीदारीचा करार, आणि तो राहिला होता स्टुडिओत.

कोर्टातल्या कारकुनाने समजावलं, कागद तुम्ही स्वतः मागा. कोणते, कोणत्या वर्षांचे, कधीपर्यंत, सगळं लिहा. पोच घ्या. नाहीच दिले तर न्यायाधीशांकडे अर्ज करा. ताईने तसं पत्र लिहिलं: बँकेची पासबुकं, कराचे कागद, भाडेपावत्या, करार. वर 'महोदय' लिहिताना तिला हसू फुटलं. "यांना महोदय!"

मुदत संपत आली तरी उत्तर नाही. माझं डोकंच फिरलं. "लबाड कुठला! दडवतोय कागद. टाक तो अर्ज!"

दुसऱ्या दिवशी भावोजींचा फोन आला. मी मुद्दाम स्पीकर लावला.

"अगं, ते कागद... तू ठेवलेस कुठे?"

"मागच्या खोलीत, वरच्या फळीवर. 'रडकी मुलं' लिहिलेलं खोकं बघा."

जुन्या फोटोंची खोकी ताईच लावायची. लग्नं, पासपोर्ट, रडकी मुलं. रडक्या मुलांचे फोटो कुणी परत मागत नाही, त्या खोक्याला कुणी हात लावत नाही, म्हणून महत्त्वाचं सगळं त्यात! भावोजींनी बाकीचा सगळा स्टुडिओ उलटापालटा केला होता.

"तिथे होय!" ते म्हणाले, आणि दोघंही हसत सुटली.

"अगं बाई, भांडतेयस की संसार करतेयस?" मी ओरडले.

संध्याकाळी भावोजी खोकं घेऊनच आले. ताईने झाकण काढलं. सगळ्यात वर करार, दोघांच्या सह्यांचा. मला राहवलं नाही. "भावोजी, हा काढून घेता आला असता की तुम्हाला."

"तळाशी होता," ते म्हणाले. "मीच वर ठेवला. हिला शोधत बसायला नको."

त्याच करारावर पुढे निम्मा स्टुडिओ ताईला मिळाला. घटस्फोटही मिळाला. पण माझ्या डोळ्यांसमोर अजून ती संध्याकाळच आहे. ताई एकेक कागद बघून पत्रावर खूण करत होती. भावोजी खाकरले.

ताईने मान वर न करता हात लांब केला आणि टेबलावरचा दिवा जरा खाली केला.

मग तिच्या लक्षात आलं, आणि ती ढसाढसा रडायला लागली.