पास्कूला लिहिलेलं डमी पत्र

आधीच सांगून टाकते, मी सांगलीच्या गणिताच्या मास्तरांची मुलगी आहे. आमच्याकडे कुणी भुताखेतांचं बोलायला लागलं की बाबा पेन काढून विचारायचे, "वेळ किती? पाहणारा कोण? जेवण काय झालं होतं?" त्यातच निम्मी भुतं पळायची. त्यामुळे इथे तुम्ही सगळे जे अनुभव लिहिता ते मी चहा पिताना वाचायचे आणि — माफ करा — हसायचे. आज माझी पाळी आहे. तुम्हीही हसा, माझी काही तक्रार नाही.

मी शारजात राहते. नवरा रोज दुबईला ऑफिसात जातो. म्हणजे सकाळी ट्रॅफिकमध्ये जाऊन बसतो आणि मग केव्हातरी ऑफिस येतं. मी घरून फ्रीलान्स वेबसाइटी बनवते. ब्यूटी सलून, एसी दुरुस्तीवाले, कॅफेटेरिया, इथलं एक मराठी मंडळ, जे येईल ते.

आता एक धंद्यातली गोष्ट, नाहीतर पुढचं कळणार नाही. साइटचा आराखडा करताना खरा मजकूर हातात नसतो. क्लायंट "उद्या पाठवतो, इन्शाल्ला" म्हणतो आणि गायब होतो. मग रिकाम्या चौकटीत काहीतरी डमी मजकूर भरायचा. सगळे लॅटिन भासणारा एक तयार उतारा चिकटवतात. पण मराठी साइटला तो चालत नाही, कारण आपल्या वेलांट्या आणि उकार वर-खाली जागा मागतात. लॅटिनमध्ये छान दिसणाऱ्या ओळी मराठीत एकमेकींच्या डोक्यावर चढतात. म्हणून मी डमी मजकूर स्वतः मराठीत लिहिते, सुचेल ते. मंडळाच्या साइटवर "अध्यक्षांचे मनोगत" या मथळ्याखाली माझी बटाट्याच्या काचऱ्यांची कृती दोन दिवस तशीच लाइव्ह होती. कुणाच्याही लक्षात आलं नाही. अध्यक्षांच्यासुद्धा.

तर, लविना. माझी मैत्रीण, वसईची, दुबईतल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. तिचा एक दिवस फोन आला.

"केतकी, एक सेवेचं काम आहे गं."

"तुझं सेवेचं काम म्हणजे मी फुकट राबायचं आणि पुण्य तुझ्या खात्यावर."

"अर्धं अर्धं करू हबीबी. यल्ला, चल, हो म्हण."

वसईकडचा एक छोटा वृद्धाश्रम होता. सिस्टर फिलोमिना आणि आणखी दोघी सिस्टर चालवत होत्या. त्यांना साधी वेबसाइट हवी होती, सोबत एक ब्लॉग, ज्यात तिथल्या आज्या-आजोबांच्या आठवणी आणि पत्रं टाकायची होती. मी हो म्हटलं. सिस्टरनी मला आठ फोटो पाठवले: इमारत, बाग, जेवणाची खोली, चॅपल. राहणाऱ्यांचा एकही फोटो नाही, यादी नाही, कारण त्यांची परवानगी घ्यायची होती. हे लक्षात ठेवा. मी वसईला आयुष्यात गेलेले नाही आणि तिथल्या एकाही रहिवाशाशी तोवर बोलले नव्हते.

शुक्रवार होता. शारजात शुक्रवारी शाळेला सुट्टी असते, म्हणून माझी दहा वर्षांची ईरा समोर चित्र काढत बसली होती. दुपारचे दोन वाजून गेले होते, वरण-भात झाला होता (बाबा, लिहून घ्या). मी "पत्रं" या पानाची चौकट भरायला घेतली. गल्फमधल्या भावाला बहिणीचं पत्र, एवढंच डोक्यात होतं. बाकी विचार असा काही केला नाही. उजवा हात अवघडला होता, जड झाला होता, म्हणून मी डाव्या हाताने टाइप करत होते. हेसुद्धा मला कळलं नव्हतं, ईराने विचारलं तेव्हा कळलं.

"आई, व्हाय आर यू टायपिंग विथ वन हँड?"

"मुंग्या आल्यात गं," मी म्हटलं. दहा मिनिटांत हात मोकळा झाला. काय लिहिलं ते मी पुन्हा वाचलंसुद्धा नाही. वेलांट्या कापल्या जात नाहीत ना, तेवढं पाहिलं.

मग मी लविनाला कच्च्या साइटची लिंक पाठवली. फक्त तिला, बघायला. आणि लविनाने ती इथल्या वसईकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली — "बघा, आमच्या केतकीने किती मस्त केलंय!" या बाईच्या उत्साहाला ब्रेक नाही. संपर्काच्या पानावर डमी म्हणून माझाच नंबर घातलेला होता.

सोमवारी सकाळी अकराला फोन वाजला.

"मॅडम, वो लेटर किसने लिखा?" वयस्कर आवाज होता.

"कौनसा लेटर?"

"साइटवरचं. पास्कूला लिहिलेलं." एकदम मराठी सुरू झालं. "कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

मी लॅपटॉप उघडून माझंच लिखाण पहिल्यांदा नीट वाचलं. ते असं होतं:

"पास्कू, आईला आम्ही घाईने पुरलं नाही रे. तू येतो म्हणालास म्हणून दीड दिवस ठेवलं. मे महिना होता. बर्फाच्या लाद्या तीनदा बदलल्या. चौथ्यांदा बर्फ मिळाला नाही. फादर म्हणाले, आता नको. मग मी तुझा निळ्या चेक्सचा शर्ट, कॉलर उसवलेला, तिच्या हाताखाली ठेवला, तू आलास असं तिला वाटावं म्हणून. कुणी बघितलं नाही. बावखलाकडचं दार मी अजून लावत नाही."

मला घाम फुटला. एसी चोवीसवर होता. बावखल म्हणजे काय हेसुद्धा मला माहीत नव्हतं! नंतर लविनाने सांगितलं, वसईच्या गावांत गोड्या पाण्याची जुनी तळी असतात, त्यांना म्हणतात.

"अहो, हे डमी आहे," मी म्हटलं. "म्हणजे असंच, मनाचं लिहिलंय. खरं काही नाही."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता, तो दार लावल्यासारखा बारीक झाला.

"मी पास्कू," ते म्हणाले. "शर्ट माझा होता. कॉलर मीच उसवली होती, खिळ्याला अडकून."

त्यांची गोष्ट एवढीशीच होती. उम्म अल कुवैनला अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारं बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये फोरमन. एकोणीस वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचा आणि तिजोरीची किल्ली असलेला मुदीर, म्हणजे मॅनेजर, नेमका सुट्टीवर. हे वसईला पोचले तेव्हा माती देऊन झाली होती. कबरीवरची फुलंसुद्धा सुकली होती. तिथेच, सगळ्यांच्या देखत, ते मोठ्या बहिणीला म्हणाले, "तुम्हाला घाईच होती." घरात पाऊल न टाकता परत फिरले. त्यानंतर अबोला. आधी रागाने, आणि राग निवल्यावर शरमेने. पाच-सहा वर्षांनी धीर करून फोन केला तर नंबर बंद झालेला.

"रेजी कुठे आहे, मॅडम?" त्यांनी मला विचारलं. जसं काही मला माहीत असणारच.

मी लविनाला फोन केला. म्हटलं, नक्की कुणीतरी तुझ्या गावच्याने मला हे कधीतरी सांगितलं असेल आणि माझ्या डोक्यात राहिलं असेल. लविना म्हणाली, "वसईत दगड मारलास तर एखाद्या पास्कूला लागेल, नावाचं सोड. पण शर्ट?" आणि तिने सिस्टर फिलोमिनांना फोन लावला.

रेजिना नावाच्या एक बाई चार महिन्यांपूर्वी आल्या होत्या. अविवाहित. शेजाऱ्यांनी आणून सोडलं होतं. फॉर्मवर "नातेवाईक" पुढे "कोणी नाही" लिहिलेलं. आल्यापासून कामापुरतंच बोलायच्या. पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता.

"कुठली बाजू?" मी विचारलं.

"उजवा हात," लविना म्हणाली.

मी खुर्चीत बसले. ईरा शाळेत होती म्हणून बरं, नाहीतर तिने माझा चेहरा बघून लगेच प्रश्न विचारला असता.

पास्कूंना ही बातमी सांगितली तर माणूस घाबरला. खूश नाही झाला, घाबरला. "ती बोलली नाही तर? 'कोणी नाही' असं तिने स्वतः सांगितलंय ना?" मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही पत्र लिहिलंय. व्हिडिओ कॉलला तुम्ही माझ्याजवळ बसा. मी एकट्याने नाही करणार."

शनिवारी मी आणि लविना उम्म अल कुवैनला गेलो. वर्कशॉपच्या मागे त्यांची खोली. दाराशी निळ्या ड्रममध्ये केळ लावलेली. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर तेवढे केस नाहीत. आमच्यासाठी बिस्किटं आणि ताकासारख्या लबानच्या थंडगार बाटल्या मांडून ठेवलेल्या. पासष्टीचा माणूस परीक्षेला बसल्यासारखा खाटेच्या कडेला बसला होता. मला इतकी माया आली त्यांची, काय सांगू.

सिस्टरनी फोन रेजिनाबाईंसमोर धरला. पांढरे केस, जाड चष्मा. त्या बघत राहिल्या. हे बघत राहिले. लविनाने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

शेवटी रेजिनाबाई म्हणाल्या, "केस कुठे गेले तुझे?"

"इथल्या पाण्याने गेले," पास्कू म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले.

त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "बस झालं. नाक पूस."

"रेजी… तू शर्ट ठेवला होतास? आईच्या हाताखाली?"

त्यांनी चष्मा काढला, डाव्या हाताने. "तुला कुणी सांगितलं?"

"ठेवला होतास का?"

"कन्फेशनमध्येसुद्धा सांगितलं नाही मी ते," त्या म्हणाल्या. "पाप नव्हतं ना. कशाला सांगू?"

"मी तुला घाई होती म्हणालो."

"म्हणालास. सगळ्यांसमोर म्हणालास." चष्मा परत चढवत, "प्रवासातून उपाशी आला होतास. मी भात ठेवला होता. नुसतं घरापर्यंत यायचं होतंस रे."

मी तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. मी सुद्धा गल्फमध्ये राहते. माझेही आई-बाबा सांगलीत आहेत, सत्तरी उलटलेले. भारतातून वेळी-अवेळी फोन आला की नाव वाचायच्या आधी छातीत धस्स होतं. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ही भीती ठाऊक आहे. आपण विमानात असू आणि तिकडे सगळं आटपलेलं असेल. बाबा म्हणतील, हेच तर उत्तर आहे, तुझीच भीती तू पत्रात लिहिलीस. मान्य. भीती माझी. पण शर्ट, उसवलेली कॉलर, बावखलाकडचं दार? ते तर माझं नव्हतं.

पास्कू पुढच्याच आठवड्यात वसईला गेले. पासपोर्ट आता त्यांच्याच पेटीत असतो. तिथून त्यांनी मला फोन केला, दोघं कबरीवर जाऊन आली होती. बहिणीला व्हीलचेअरवरून यांनीच ढकलत नेलं आणि "खड्डे बघ रे, मी काय खिडकी आहे का आदळायला" अशा शिव्या खाल्ल्या. मग त्यांनी फोन रेजिनाबाईंकडे दिला.

मी धीर करून विचारलं, "मावशी, तुम्ही हे कुणाला लिहून दिलं होतं का? कुणाला बोलला होतात?"

"हात चालत नाही, लिहू कशी?" त्या म्हणाल्या. "दुपारी जेवून आडवी झाले की मनात लिहायचे. रोज तेच पत्र, घरी होते तेव्हापासूनचं. पत्ता माहीत नव्हता, म्हणून नुसतंच लिहायचे." त्यांना यात आश्चर्य वाटण्यासारखं काही दिसलंच नाही. "तुला त्रास नाही ना झाला, पोरी?"

"नाही हो मावशी," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार?

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी वेळ विचारली, अंतर विचारलं, जेवण विचारलं. तीन दिवसांनी फोन करून म्हणाले, "उदाहरण सुटत नाही गं." माझ्या वडिलांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. लविना चमत्कार म्हणते, नवरा योगायोग म्हणतो. मी काहीच म्हणत नाही, कारण मला खरंच माहीत नाही. त्या दहा मिनिटांत माझा हात जड का झाला, आणि मी कुणाचं पत्र टाइप केलं… अजून कळलेलं नाही.

साइट खऱ्या अर्थाने लाइव्ह करताना मी अजून वसईतच असलेल्या पास्कूंना फोनवर विचारलं की ते पत्र काढून टाकू का, घरातली खाजगी गोष्ट आहे. म्हणाले, रेजीला विचारतो. ती नको काढू म्हणाली. मग त्यांनी चाचरत विचारलं, "मॅडम, त्याच्या खाली उत्तर घालायला जागा होईल का? मोठं नाही. एकच ओळ."

मी म्हटलं, सांगा, लिहून घेते.

मागे रेजिनाबाई कुणाला तरी ओरडून भात टाकायला सांगत होत्या, भाऊ जेवायचाय म्हणून.

"लिहा," पास्कू म्हणाले. "रेजी, मी पोचलो."