राणी घेतली, कव्हर बाकी

वसुधा पांढरीपांडे आयुष्यभर चुका शोधून जगली. दुसऱ्यांच्या, बरं का! आधी नागपुरात आणि मग इथे अमेरिकेत मॉरिसव्हिलला, सगळी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेली. ती येताना दिसली की भलेभले प्रोग्रॅमर आपलं काम पुन्हा तपासायला बसायचे. अशा बाईला रिटायर झाल्यावर स्वतःच्याच एका चुकीने दमवावं, याला काय म्हणावं? ती गोल्फचा चेंडू मारायची भोकातल्या झेंड्याकडे, आणि तो जायचा उजवीकडे, थेट तळ्यात.

गोल्फचं वेड खरं तर तिच्या नवऱ्याचं, अरुणचं. दर शनिवारी सकाळी अरुण, राजेश, विनय आणि संग्राम असे चौघे खेळायला जात. वसुधा पहाटे उठून चौघांपुरते कांदेपोहे डब्यात भरून द्यायची. दुपारी अरुण घरी यायचा तो हसतच. राजेश काय म्हणाला, विनयचा चेंडू कुठे अडकला, सगळं रंगवून सांगायचा. ऐकताना वसुधाही हसायची, पण मनात कुठेतरी खट्टू व्हायची. आपण केलेले पोहे तिथे जातात, आपण मात्र नाही! तिलाही त्या हसण्यात बसायचं होतं, नंतर ऐकायचं नव्हतं. म्हणून तिने क्लास लावला, स्वतःची बॅग घेतली, आणि बायकांच्या ग्रुपमध्ये धडपडत शिकायला लागली.

तेवढ्यात संग्राम मुलीकडे अ‍ॅशबर्नला राहायला गेला, आणि चौथी जागा रिकामी झाली. चौथा नसला की क्लबवाले कुणातरी अनोळखी माणसाला जोडून देतात. मग काय, अख्खी सकाळ इंग्रजीत ‘नाइस शॉट’ म्हणत बसा. चेंडू बुडाला तर मनासारखी शिवीसुद्धा देता येत नाही. मराठी बोलणारा चौथा हवाच होता.

“मी येते,” राजेश घरी चहाला आला असताना वसुधा म्हणाली.

अरुणला चहाचा ठसका लागला. राजेशने मात्र शांतपणे ऐकून घेतलं. राजेश म्हणजे त्या ग्रुपचा स्वयंघोषित सरपंच. “वहिनी, आनंदाने या. पण आपला नियम माहीत आहे ना? नवव्या होलवरचं तळं पहिल्या फटक्यात पार करायचं. मागे लोक थांबलेले असतात, तिथे चेंडू बुडवत बसता येत नाही. संग्रामनेही करून दाखवलं होतं. पुढच्या रविवारी या. नाही जमलं तर तो पुण्याचा शंतनू आहे, माझ्या ऑफिसातला. चांगला खेळतो.”

झालं! त्या दिवसापासून अरुणच्या अंगात गुरू संचारला. “डोकं वर करू नकोस. कोपर सरळ. मनगट सैल. अगं, एवढं सैल नाही!” ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या या गुरूचे स्वतःचे चेंडू दर शनिवारी तळ्यातल्या कासवांना भेटून येत, ते सोडा. वसुधा सांगेल तसं करायची. कोपर सरळ झालं, डोकं खाली राहिलं, फटका सणसणीत बसायला लागला, आणि चेंडू आता आणखी जोरात उजवीकडे जायला लागला. गुरुवारी संध्याकाळी तिने बॅग गराजमध्ये आपटली. “शंतनूलाच घ्या. मला नाही जमत!” असं म्हणून ती आत जायला वळली.

अरुण तोंडाने फटकळ, पण मनाने तसा माणूस नव्हे. तो गराजमध्येच उभा राहिला, आणि कपाटामागून कॅरम बोर्ड ओढून काढला. “चल, एक डाव. इथे तरी मला हरव.”

हे म्हणजे वाघाला शिकारीला बोलावणं! वसुधा कॉलेजात असताना होस्टेलची कॅरम चॅम्पियन होती. पावडर टाकली, स्ट्रायकर रेषांमध्ये ठेवला, आणि बघता बघता सोंगट्या साफ व्हायला लागल्या. शेवटी तिने बोर्डाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात राणी घातली, आणि लगेच तिच्यामागून कव्हरची सोंगटीही.

“एवढ्या लांबचं पॉकेट तुला दिसतं तरी कसं गं?”

“पॉकेटकडे कोण बघतंय! पॉकेट कुठे आहे ते एकदा बघून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. नंतर बघायचं ते सोंगटीवर, जिथे स्ट्रायकर लागणार तेवढीच जागा…” ती बोलता बोलता थांबली. बोर्डावर तिच्या बाजूला दोन समांतर रेषा होत्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली. “अरे बाप्पा! अहो, पडद्याचे जुने रॉड कुठे आहेत?”

मागच्या अंगणात तिने एक रॉड चेंडूच्या पुढे ठेवला, समोरच्या पाइनच्या झाडाकडे नेम धरून. दुसरा ठेवला पावलांपाशी, पहिल्याला समांतर. मग त्याला पावलं लावून उभी राहिली, आणि चूक सापडली. टेस्टिंगवालीच ती! इतके दिवस ती खांद्यांची आणि पायांची रेषा थेट झेंड्याकडे रोखून उभी राहत होती. पण चेंडू तर पायांपासून हातभर पलीकडे असतो. झेंड्याकडे जायची रेषा चेंडूची, पायांची नव्हे. पायांनी आपलं बाजूने समांतर राहायचं, कॅरमच्या त्या दोन रेषांसारखं. पायांची रेषाच झेंड्याकडे वळली, तर चेंडू उजवीकडे जाणार नाही तर काय!

रविवारी नवव्या होलवर ती चेंडूच्या मागे उभी राहिली. समोर तळं, पलीकडे हिरवळ, तिच्यावर झेंडा. झेंडा एकदा बघून घेतला आणि सोडून दिला. त्याच रेषेत, चेंडूच्या हातभर पुढे, पाइनची एक वाळकी सुई पडली होती. ही आपली सोंगटी! तिने क्लबचं, म्हणजे गोल्फच्या काठीचं, तोंड त्या सुईकडे रोखलं, आणि मग पाय ठेवले.

“अगं, डावीकडे बघते आहेस!” अरुण मागून कळवळून ओरडला. “झाडावर जाईल! उजवीकडे वळ!”

वसुधा थबकली. खांद्यांकडे बघितलं तर खरंच डावीकडे वळल्यासारखे वाटत होते. वळावं का? एवढी वर्षं खेळलेला माणूस सांगतो आहे. तिने पुन्हा सुईकडे बघितलं. सुई जागच्या जागी होती.

“अहो, गप्प बसा,” ती म्हणाली, आणि मारला.

चेंडू उठला, तळ्यावरून सरळ गेला, आणि हिरवळीवर टप्पा घेऊन झेंड्याच्या अलीकडे थांबला. विनयने शिट्टीच मारली. राजेश दोन्ही हात वर करून म्हणाला, “वहिनी, जिंकलात! शनिवार तुमचा!”

“थांबा हो,” वसुधा म्हणाली. “राणी घेतली, कव्हर बाकी आहे.”

हिरवळीवर गेल्यावर तिने पुन्हा तेच केलं. भोक एकदा बघितलं, मग चेंडूपुढचा गवताचा एक पिवळा ठिपका हेरला, आणि हलकेच टोला दिला. चेंडू ठिपक्यावरून घरंगळत गेला, भोकाच्या काठावर जरा रेंगाळला, आणि टपकन आत पडला. वसुधाला इतका आनंद झाला, की तिने क्लब टाकून चक्क टाळ्या वाजवल्या, स्वतःसाठीच.

अरुणने वाकून भोकातून चेंडू काढला, शर्टाला पुसला आणि तिच्या हातात ठेवला. मघाच्या ओरडण्याची लाज त्याच्या चेहऱ्यावर होती, पण त्याहून जास्त कौतुक होतं. “शनिवारी सातला निघायचं,” तो म्हणाला. “दोघांनी. पोहे मी करतो.”

“अरे देवा!” राजेश ओरडला. “म्हणजे नाश्ता कॅन्सल!”

वसुधाने गोल्फच्या कार्टची चावी अरुणच्या खिशातून काढून घेतली आणि चालवायला बसली. “काही कॅन्सल नाही,” ती म्हणाली. “मी शेजारी उभी राहून सांगेन. कांदा बारीक. गॅस मंद. अहो, एवढा मंद नाही!”