सुटलेली तार आणि नानांचे कान

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचतो... हसायला. पांढरी साडी, सुनसान रस्ता, मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही! अहो, मागे वळून पाहिल्यावर कोणी नसणं ही जगातली सगळ्यात सामान्य गोष्ट आहे. त्यावर दीड पान कसलं लिहिता? मी बीएस्सी फिजिक्स, जळगावच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. विश्वास आहे तो व्होल्टमीटरवर. आणि खाली जे सांगतोय त्यात व्होल्टमीटर शेवटपर्यंत माझ्याच बाजूने होता — पंचाईत तीच आहे.

१९८९ चा मे महिना. त्याआधीचं दीड वर्ष मी एका यंत्रापायी घालवलं होतं. रद्दीच्या दुकानात एक परदेशी मासिक मिळालं, त्यात इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनची आकृती होती. साध्या हेडफोनात चुंबक असतं, यात नसतं. छिद्रांच्या दोन जाळ्या आणि मध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा. पडद्याला सतत ५८० व्होल्ट द्यायचे, जाळ्यांना गाण्याचे शेकडो व्होल्ट. मग पडदा हलतो आणि आवाज होतो. पडद्यावरचे ५८० गेले, की उरतो नुसता डबा. एवढं समजलं तरी पुढचं सगळं समजेल. मला हे तोंडपाठ होतं, म्हणून त्याचा उपयोग झाला नाही.

एवढे व्होल्ट साध्या अँप्लिफायरला झेपत नाहीत, म्हणून तोही घरीच केला. जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह, जुनेच ट्रान्सफॉर्मर. जाळ्यांसाठी डाळ मिलच्या चाळणीचा पत्रा कापला, पडद्यावर पेन्सिलीचं शिसं चोळलं. तयार झालेली वस्तू अकरा किलोची, आणि दिसायला पिठाच्या डब्याने रॉकेलच्या स्टोव्हशी लग्न केल्यासारखी. हेडफोन घातला की माणूस औताला जुंपल्यासारखा दिसायचा. पण वाजली! तबलजीने थाप मारण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला हो. त्या दिवसापासून टू-इन-वन रेडिओ-टेपवर गाणी ऐकणाऱ्या यच्चयावत मनुष्यजातीची मला कीव येऊ लागली.

त्या मनुष्यजातीत पहिला नंबर रमेशभाऊचा. हा माझा मेव्हणा, म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा, थोरला भाऊ. धुळ्याला गल्ली नंबर सहामध्ये घर, खाली मोटर रिवाइंडिंगचं दुकान. त्याच्या मते मी पुस्तकी किडा. माझ्या मते तो तांब्याची तार गुंडाळणारा रहाट. प्रेम दोन्हीकडून सारखं होतं.

त्याच घरात माझे सासरे, नाना. निवृत्त प्राथमिक शिक्षक. अकरा वर्षांपूर्वी त्यांना टीबी झाला. इंजेक्शनांनी टीबी गेला, बरोबर दोन्ही कानही घेऊन गेला. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं — कानाची नसच मेली आहे, कानाला यंत्र लावूनही उपयोग नाही. तेव्हापासून नाना बोलायचे तोंडाने आणि ऐकायचे पाटीवर. पाटी-पेन्सिल कायम मांडीशी. आमचं लग्न झालं तेव्हा त्यांना बहिरेपण येऊन सात वर्षं झाली होती. मुलीच्या लग्नात त्यांनी फक्त हलणारी तोंडं पाहिली.

सुट्टीत सुनंदा अमळनेरला बहिणीकडे गेली, शुक्रवारी धुळ्याला येणार होती. मी सोमवारीच निघालो, यंत्र मांडीवर घेऊन, एसटीने. पारोळ्याला कंडक्टरला राहवलं नाही. इकडची बोली अहिराणी, 'शे' म्हणजे 'आहे'.

"काय शे त्यात?"

"अँप्लिफायर."

"जित्तं तर नही ना?"

धुळ्याला जेवणं झाल्यावर मी यंत्र मांडलं. घरात कॅसेट सापडली ती आमच्याच लग्नाची. चार वर्षांपूर्वी कोणीतरी मांडवात टेपरेकॉर्डर चालू करून ठेवला होता — पहिल्या बाजूला हळद, दुसऱ्या बाजूला लग्न आणि पाठवणी. त्यानंतर ती कपाटात पडून. मी टेपला यंत्र जोडलं. पिन खुपसली की टेपचा स्वतःचा स्पीकर बंद व्हायचा. पडद्याच्या ५८० व्होल्टचा लाल दिवा लागला. मी घसा खाकरून छोटंसं भाषण केलं आणि रमेशभाऊच्या डोक्यावर हेडफोन चढवला.

"डास शे," तो म्हणाला.

"काय?"

"डास गुणगुणी ऱ्हायना. गानं कवय सुरू व्हई?"

मी ओढून स्वतःच्या कानाला लावला. डासच होता... खूप लांबचा, आजारी. आता शहाणा माणूस झाकण उघडतो. मी म्हणालो, "तुमच्या धुळ्याचं व्होल्टेज कमी आहे."

"धुळानं व्होल्टेज कमी शे का पाव्हणानं डोकं?" रमेशभाऊ हसत हसत उठला. "नानाले लावा. त्यास्नी काही तक्रार नही ऱ्हावाव." आणि त्याने खरंच तो नानांच्या डोक्यावर ठेवला. बहिऱ्या माणसाच्या डोक्यावर. नानांनी ठेवू दिला. मी तोंड लपवायला यंत्राच्या मागे वाकलो.

अर्धं मिनिट गेलं असेल. नाना ताठ बसले.

"ऐकू ई ऱ्हायनं," ते म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसे, खूप मोठ्याने.

आम्हाला थट्टा वाटली. पण नानांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं — आम्ही जणू आवाज करत होतो! "बाया गानं म्हनी ऱ्हायन्यात. कोन्ही खोकलं... हाऊ कोन बोलस?" आणि मग, वर्गात धडा वाचावा तसं, एकेक शब्द तोडून — "पोरगा बीएस्सी शे म्हनतस, पन साधा पंखा लावता येत नही त्याले." हेडफोन कानांवर दाबला. "हाऊ तर आपला रमेश!"

रमेशभाऊचं तोंड बघण्यासारखं झालं. माझंही झालं असणार. मी कॅसेट मागे घेतली, पिन काढली, स्पीकरवर लावली. बायकांच्या गाण्यामागे दबलेला, पण स्वच्छ — रमेशभाऊचाच आवाज, चार वर्षांपूर्वीचा, माझ्याबद्दलचा. शब्दाला शब्द.

वाचकहो, इथे मी घाबरलो असं लिहायची पद्धत आहे. मला राग आला. दीड वर्ष राबून केलेलं यंत्र, आणि ते चालतं कोणाला, तर ठार बहिऱ्याला! अपमान म्हणतात तो हा.

मंगळवार, बुधवार, गुरुवार — नाना रोज दुपारी पहिली बाजू ऐकायचे. एकदा, दोनदा, तीनदा. आम्ही लावला की डास, त्यांनी लावला की हळद. मी त्यांच्या पाठीमागून गुपचूप पिन काढून पाहिली, लगेच "बंद का करं?" ही फसवणूक असेल तर ती माझ्या डिग्रीच्या आवाक्याबाहेरची होती. दुसऱ्या बाजूला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

"सुनंदाले येऊ द्या. तिनी पाठवणी मी तिनाजोडे बसीसन ऐकसू."

शुक्रवारी सकाळी नाना धुतलेली टोपी घालून तिला आणायला एसटी स्टँडवर गेले. रमेशभाऊ चहा पीत म्हणाला, "पाव्हणे, दवाखाना काढा आते. बहिरासना. आखो म्हशीस्ले लाई दखा, त्यास्ले बी ऐकू ई."

लागलं ते मला. झाकण उघडलं.

पडद्याला ५८० व्होल्ट नेणारी तार जोडातून सुटून लोंबत होती. एसटीच्या धक्क्यांनी. लाल दिवा जोडाच्या अलीकडे होता, म्हणून तो बिचारा इमानाने लागत होता. पडद्याकडे व्होल्टमीटर लावला. शून्य. म्हणजे चार दिवस पडद्यावर काहीच नव्हतं. आम्हाला डास ऐकू येणं बरोबर होतं. आणि नानांना...

या ठिकाणी डोकं असलेला कोणीही झाकण बंद करून हात जोडून बाजूला बसला असता. मी दुकानातून सोल्डरिंगची कांडी आणली. दोन मिनिटांचं काम. रमेशभाऊने हेडफोन घातला, त्याचे डोळे मोठे झाले. "आयला..." तो म्हणाला. "बांगड्या वाजी ऱ्हायन्यात. येकेक." या एका "आयला"साठी मी दीड वर्ष थांबलो होतो. ते मला दहा मिनिटं पुरलं.

नाना आले. सुनंदाला पायही धुऊ दिले नाहीत त्यांनी. तिला शेजारी बसवलं, तिचा हात हातात घेतला, कॅसेट स्वतः उलटी केली आणि हेडफोन घातला. मी बटण दाबलं.

नाना वाट बघत होते.

"चालू करा ना, जावई."

सुनंदाने पाटीवर लिहिलं, 'चालू आहे.' त्यांनी वाचलं, मान हलवली, डोळे मिटले. मी आवाज वाढवला. मला तीन हातांवरून बँड ऐकू येत होता. नानांनी कानावरचा लाकडी कप बोटाने दोनदा ठोकला, घड्याळ बंद पडलं की ठोकतात तसा. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

मी तार पुन्हा सोडवली. लोंबत होती तशी, त्याच कोनात लोंबवली. आम्हाला डास, नानांना शून्य. जोडली — आम्हाला बँड, नानांना शून्य. शनिवारी तर मी यंत्र घेऊन एसटीने पारोळ्याला जाऊन परत आलो, तेच धक्के बसावेत म्हणून. बीएस्सी फिजिक्स! कंडक्टर तोच होता, या वेळी त्याने काही विचारलं नाही. रविवारी नानांनी हेडफोन फडक्यात गुंडाळून मला दिला.

"मी पह्यली बाजू जास्ती ऐकी. तठेच संपनं."

मी फडक्याला आणखी एक गाठ मारली. तार सुटलेली होती, मी जोडली, हे त्यांना माझ्याशिवाय आणि रमेशभाऊशिवाय कोणी सांगू शकत नव्हतं. रमेशभाऊ आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या बाजूने गप्प बसला, आणि ते त्याच्या टोमण्यांपेक्षा वाईट होतं.

पुढे जाणकारांकडे गेलो. आमच्या कॉलेजचे प्राध्यापक म्हणाले, मे महिन्याची कोरडी हवा, पडद्यावर जुना चार्ज शिल्लक राहिला असेल. मग तो आमच्या चांगल्या कानांना का ऐकू आला नाही? यावर त्यांना तास होता. एक डॉक्टर म्हणाले, बहिरे लोक ओठ वाचतात. कॅसेटचे? सुनंदाच्या मावसोबांनी नानांची पत्रिका मागवली. मी त्यांना ५८० व्होल्टला हात लावून बघायची विनंती केली.

दिवाळीला धुळ्याला गेलो. नाना ओसरीवर बसले होते, सुनंदाला सांगत होते की आपण हावरटपणा केला, पहिल्या बाजूवर कान खर्च केले. सुनंदाला सगळं मी वाटेत सांगितलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं फक्त. मी पाटी घेतली आणि लिहिलं — 'तुमची चूक नाही. यंत्रात एक तार सुटलेली होती. ती मी जोडली. तेव्हापासून बंद.'

नानांनी दोनदा वाचलं.

"सुटेल व्हती? नि तरी माले ऐकू ये?"

मी मान डोलावली.

"मंग ते तुमनं यंत्रनं काम नव्हतं, जावई." आणि हसले, मला वाटलं होतं त्याहून बरंच जास्त हसले. मग पाटी पुसून माझ्यापुढे धरली. "मंग कसानं व्हतं?"

ओसरीवर सगळे बघत होते. रमेशभाऊसुद्धा. मी लिहिलं — 'माहीत नाही.' आज इतक्या वर्षांनी कोणी पाटी पुढे केली तर तेच लिहीन.

"बरं," नाना म्हणाले. "मंग दुसरी बाजू तरी लिखा."

टेप स्पीकरवर लावला आणि लिहायला बसलो. बँड. भटजी. कोणाचा तरी चष्मा हरवलाय. माझे बूट मेव्हण्यांनी लपवलेत आणि मी रागाने बोलतोय. पाटी भरली की नाना वाचायचे, पुसायचे, परत द्यायचे. एका बाजूला दोन दुपारी लागल्या. पाठवणी आली. त्या दिवशी मी तिथेच होतो, पण माझं सगळं लक्ष बुटांवर. आता टेपमधून एक रडणं आलं, मोठं, खरखरीत, बँडच्याही वर. सुनंदा आत निघून गेली. मी थांबलो.

"काय शे?"

मी लिहिलं — 'इथे तुम्ही रडताय.'

"मी? मी कवय रडनू? डोयामा पानी व्हतं फक्त."

'मोठ्याने,' मी खाली लिहिलं.

नानांनी पाटी जवळ घेतली, लांब धरली, पुन्हा जवळ घेतली.

"खोटं शे. टेप बिघडेल शे तुमनं." ओल्या चिंधीने त्यांनी त्या दोनच ओळी पुसल्या आणि पाटी माझ्याकडे सरकवली. "पुढे?"