सहादेव पॉलिशवाल्याची खुर्ची

आमच्या मालकांना कोपरगावात सहादेव पॉलिशवाला म्हनत्यात. कारखान्याच्या सायबांची कपाटं, टेबलं सगळी त्यांच्याच हातची. पन एका जागी बसनं म्हनून न्हाई. जेवता जेवता उठायचं अन् चपलेला पॉलिश मारायचं.

एकाहत्तर साली आमच्या मालनला बघायला राहुरीचं पाव्हणं येनार, तर आठ दिस ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. मुलगा कारकून, शिकलेला. म्हनून पोरीच्या बोलन्यालाबी पॉलिश. "हाय न्हाई, आहे म्हण. व्हय न्हाई, हो." बापाच्या हाताखाली काम करून तिची बोटं तांबडी झाल्ती, ती रॉकेल लावून घासायला लावली. कातडं सोललं तरी डाग जाईना. मला रडूच आलं. म्हटलं, "पोरगी हाय का कपाट?"

ऐकतंय कोन. पाव्हणं यायच्या दिवशी सकाळी पाव्हण्यांच्या खुर्चीला पॉलिशचा आनखी एक हात मारलाच. गिऱ्हाइकाला हेच सांगायचे, वाळल्यावरबी चार दिस टेकू नका, उन्हानं चिकटतंय. सोताच्या घरी मातर दम न्हाई.

दुपारी मुलाचे वडील आबासाहेब त्याच खुर्चीत बसले. ऊन मी म्हनत हुतं. चहा झाला, मालनचं "आहे, हो" नीट झालं. आबासाहेब उठाया गेले तर खुर्ची संगं उठली. पांढरा नेहरू शर्ट पाठीमागं पार चिकटलेला. आमचे हे भिंतीला टेकले. मला वाटलं, गेलं स्थळ.

तेवढ्यात मालन बोलली, "मामा, वडू नका, फाटंल. गप बसा, मी सोडवती." कोनाड्यातलं स्पिरिट घेतलं, चिंधी भिजवली अन् बोट बोट करीत शर्ट सोडवला. आठ दिसांचं शिकवलेलं सगळं इसरली. आबासाहेब तिच्या तांबड्या बोटांकडं बघत म्हनाले, "हे कुठं शिकलीस?"

"नानांकडं," बापाकडं बोट करून ती म्हनाली. "मला सगळं येतंय."

ह्यांनी डोळे मिटले.

चार दिसांनी निरोप आला, पोरगी पसंत.

लगीन होऊन मालन गेली. शर्टाची वीण त्या खुर्चीच्या पाठीवर अजून उमटलेली हाय. ह्या मानसाला लाकडावर टाचणीएवढा चरा खपत न्हाई. रोज चिंधी घिऊन खुर्चीपाशी जात्यात, तसंच माघारी येत्यात, मग घरभर येरझारा. एकदा मी म्हटलं, "घासून टाका की एकदाचं."

"नको," म्हनाले. "मालनचा शेवटचा हात हाय त्याच्यावर."